लोल यांचा निरोप समारंभ

तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण जिच्यावर पहिल्या झटक्यात विश्वास बसतो ती गोष्ट नसते, ती बातमी असते. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आपल्या मुळशी तालुक्यात, सन दोन हजार तीन साली, एका संगणकाला फेटा बांधून, शाल पांघरून, श्रीफळ देऊन आम्ही जाहीर निरोप समारंभ केला होता. आणि तो पाहायला पंचक्रोशीतली माणसं झाडांवर चढून बसली होती.

"संगणकाला?" स्वानंद म्हणाला.

"फेटा?" निषाद म्हणाला.

आमच्या सूसच्या सोसायटीत, पार्किंगच्या पलीकडे जो बाक आहे, तिथे संध्याकाळी आम्ही बसतो. स्वानंद अकोल्याचा, निषाद नाशिकचा, दोघंही हिंजवडीला कंप्युटरमध्ये. मी माझ्या गोष्टी शक्यतो बाहेरगावाहून आलेल्यांनाच सांगतो. स्थानिक माणसाला गोष्ट सांगण्यात राम नाही. तो मध्येच "म्हंजी कंच्या पाटलाचा वाडा?" असं विचारतो आणि गोष्टीचं चाक पंक्चर करतो. त्या दिवशी बाकाच्या टोकाला निषादची नवी बायको गौतमी मेथी निवडत बसली होती. लग्नाला चारपाच महिने झालेले. निषाद नाशिकचा, म्हणजे तीही तिकडचीच, असं मी धरून चाललो होतो. बोलायला अगदी कमी. कमी बोलणारी बाई आणि मेथीची जुडी, यापेक्षा चांगला श्रोता कथेकऱ्याला मिळत नाही.

तर आमची शाळा घोटावड्याच्या बाजूला, ओढ्याच्या पलीकडे. नाव सांगत नाही. शाळेला अजून अब्रू आहे. पाचवी ते दहावी. मी, विश्राम सर, मराठीचा शिक्षक, आणि त्यातही नववीचा. नववीचं मराठी म्हणजे काय हे शिकवल्याशिवाय कळायचं नाही. आठवीची पोरं कच्ची असतात, दहावीची बोर्डाच्या भीतीनं वाळलेली. नववीचं पोरगं कवितेला हसतं, मग कवितेनंच रडतं, आणि सर थापा मारताहेत हे ओळखूनसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत राहतं. असा श्रोतृवर्ग मला पुढे आयुष्यात मिळाला नाही. तुम्ही मनावर घेऊ नका.

तेव्हा वर्गात दोन गावं बसायची. एक इथलं, ज्यांच्या बापांची भाताची खाचरं. दुसरं बाहेरचं, नगर-लातूर-नागपूरकडून कारखान्यांत आणि हिंजवडीच्या नव्या कंपन्यांत आलेल्या लोकांच्या पोरांचं; ती पहिल्या गावाच्या खोल्यांत भाड्यानं राहायची. गावच्या पोरांनी "हाय, न्हाई" म्हटलं की बाहेरची पोरं फिसकन हसायची. बाहेरच्यांनी "आहे, नाही" म्हटलं की गावची पोरं खिडकीबाहेर थुंकायची. डाव्या रांगेत हे, उजव्या रांगेत ते. मधल्या बोळातून मी कविता म्हणत फिरायचो, सीमेवरच्या जवानासारखा.

अशात पिरंगुटला सायबर कॅफे निघाला. पोरं एका खुर्चीवर तिघंतिघं बसून तासाचे पैसे वाटून घ्यायची. तिथे काय करतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला ते कळलं माझ्या विनोदावरून.

माझा एक ठेवणीतला विनोद आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तो नववीवर करतो. वर्ग हसतो, मागची खिडकी थरथरते, शेजारचे सर दार लावून घेतात, अशी त्याची ख्याती. त्या वर्षी मी तो केला आणि कोणी हसलंच नाही. पुढच्या बाकावरची स्वरदा, नगरहून आलेली, वर्गात पहिली, गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "लोल."

आणि मग बँकेत टोकन पुकारावं तसे मागून आवाज येत गेले. लोल. लोल. लोल.

"हा काय प्रकार?"

"सर, म्हणजे आम्ही मोठ्यानं हसतोय."

"मग हसा ना!"

"हसलो की, सर. लोल."

इतकी वर्षं मी हशा मिळवत होतो; त्या दिवसापासून मला हशाची नुसती पोच मिळायला लागली.

आणि एकदा कान उघडे झाल्यावर काय सांगू! पूर्वी पोरं करंगळी दाखवून बाहेर जायची, आता "बीआरबी" म्हणून निघायची. म्हणजे आत्ता आलोच. फळ्यावर गृहपाठ लिहिला की मागून "ओएमजी", म्हणजे अरे देवा, असा सुस्कारा. 'माझी आजी' या निबंधात एकानं लिहिलं, 'माझी आजी ग्र८ आहे.' ग्र-एट, म्हणजे ग्रेट; आठाचा आकडा मात्र देवनागरी. सरांना मराठीचा अभिमान आहे म्हणून, असं तो वर म्हणाला. मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण खरं सांगतो, त्या आठाकडे मी बराच वेळ बघत बसलो. लेणं कोरणाऱ्यानं पहिल्यांदा छिन्नी लावली असेल, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसाला असंच काहीसं वाटलं असेल.

"सर, पुढे," स्वानंद म्हणाला.

पुढे नलिनीबाई. नलिनीबाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचा दरारा असा की शाळेपाशी आली की एसटीसुद्धा हॉर्न न वाजवता चोरपावलांनी जायची. त्यांनी शिक्षकांची सभा बोलावली. विषय एकच, वर्गातली ही इंटरनेटची भाषा आणि तिच्याबद्दल शिक्षकांचं म्हणणं.

इंग्रजीचे सर ताडकन म्हणाले, "हे शब्द माझ्या हद्दीत येत नाहीत. माझ्या इंग्रजीत असलं काही नाही."

मी म्हणालो, "आणि माझ्या मराठीत आहे?"

रस्त्यावर दोन टेंपो धडकले की दोन्हीकडचे पोलीस कसे आधी टेप धरून हद्द मोजतात, तसं आमचं अर्धा तास चाललं. विज्ञानाचे सर म्हणाले, हा संसर्ग आहे, हा पाण्यातून पसरतो का ते बघायला हवं. गणिताचे सर म्हणाले, पण कागद किती वाचतो बघा. खेळाचे सर म्हणाले, "ओएमजी म्हणत पळतात तेव्हा पोरं जास्त जोरात पळतात, हे मी घड्याळ लावून बघितलंय." चित्रकलेच्या हेमलताबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ती पोरं दोन टिंबं आणि एक कंस काढतात आणि मान वाकडी केली की हसरा चेहरा दिसतो हो! मी चेहऱ्याचे धडे द्यायला लागून किती वर्षं झाली. मला दोन टिंबांत हसू काढता नाही आलं."

सगळ्या सभेनं एकदम मान वाकडी करून पाहिली. नलिनीबाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

"माना सरळ! पुढच्या महिन्यात विस्तार अधिकारी तपासणीला येताहेत. त्यांच्या कानावर यातला एक शब्द जरी पडला, तर विश्राम सर, नववीचं मराठी मी घेईन, आणि तुम्ही खिचडी बघाल."

खिचडी म्हणजे शब्दशः खिचडी. पाचवीच्या पोरांना शाळेतच शिजवून द्यायचा सरकारी नियम नवा नवा आला होता. मैदानाच्या मागच्या बाजूला पत्र्याची खोली, तिथे धोंडाबाई चूल पेटवायच्या, आणि एका शिक्षकानं तांदूळ, वाटाणे, तेल यांच्यावर नजर ठेवायची. शिक्षकी पेशात अंदमान असेल तर ते हेच. मोहरी आधी तडतडू द्यायची, हळद तेलातच टाकायची, मीठ तांदूळ फुटल्यावर, आणि पळी एकाच दिशेनं फिरवायची, नाहीतर बूड लागतं. हे मला इतकं बारीक कसं माहीत, ते विचारू नका.

माझी नववी पणाला लागली. मी घरी आलो. आमच्या हिनं, अनसूयेनं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोथिंबीर आणतो हा एक शब्द तुमच्याच्यानं पाळवत नाही. लोकांच्या पोरांचे शब्द काय थांबवणार?"

पण मी थांबवायला निघालो. आधी बंदी घातली. बंदीचा परिणाम असा की जी पोरं तोंडानं म्हणत होती ती आता ओठ मिटून, नाकातून म्हणायला लागली. अख्खा वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायचा. मग मी म्हटलं, आपली भाषा काय दरिद्री आहे? फळ्यावर लिहिलं, 'हसू आल्यास मोहआ म्हणावे. मोठ्याने हसत आहे.' आणि बीआरबीऐवजी 'लये.' लगेच येतो.

पोरांच्या डोळ्यांत जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. आठवड्याभरात मोहआ आणि लये गावभर झालं. एसटीचा कंडक्टर चहाला उतरताना "लये" म्हणायचा. आणि लोल कुठेही गेलं नाही! एक भाडेकरू काढायला गेलो आणि त्याच्यासोबत पोटभाडेकरू ठेवून आलो. ज्या दिवशी धोंडाबाई माझ्यासमोर डबा उपडा करून "वाटाना संपला, ओएमजी!" म्हणाल्या, त्या दिवशी मी थेट हैबतरावांकडे गेलो.

हैबतराव शाळा समितीचे अध्यक्ष. निम्म्या जमिनीवर भात, निम्मीवर भाड्याच्या खोल्या, आणि डोक्यात सबंध तालुक्याचं राजकारण. अंगणात बाजेवर बसून त्यांनी माझं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "सर, तुमी मास्तर लोक लई सरळ बगा. हाकलून कोन जातं व्हय?"

"मग?"

"आमच्या दूध डेरीचा सचिव आठवतो? खुर्ची सोडत न्हवता. कोर्टकचेरी झाली, मोर्चा झाला, हलला न्हाई. मंग आमी काय केलं? त्येचा निरोप समारंभ लावला. त्येला इचारलंबी न्हाई. शाल, नारळ, हार, जिलबीची पंगत. समद्यांनी भाषनं केली, बायामानसं रडली. आता दुसऱ्या दिशी त्यो कंच्या तोंडानं कामावर येनार?"

"आला नाही?"

"गाव सोडून गेला! सर, एकदा का शाल पडली अंगावर, की मानूस संपला. तुमच्या त्या शब्दांचा निरोप समारंभ करा. अन् त्या इस्तार अधिकाऱ्यालाच पाव्हना बोलवा. डोळ्यांदेखत उरकून टाकू."

मी थक्क झालो. या मातीत माणूस तोफेला हटला नाही, पण शालीला हटतो, हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडलो. निदान पडल्यासारखं वाकलो.

"पण सर," निषाद म्हणाला, "शाल घालायची कोणाला? शब्दाला खांदे नसतात."

हाच प्रश्न सगळ्यांना पडला. उत्तर नलिनीबाईंच्या खोलीत होतं. शाळेला सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला होता. आला त्या दिवसापासून तो प्लॅस्टिकच्या गवसणीत होता. दर खंडेनवमीला गवसणी काढून त्याची पूजा व्हायची, हळदकुंकू वाहिलं जायचं आणि गवसणी परत चढायची. चालू करायची वेळ कधी आली नव्हती; पूजेची मूर्ती कोणी चालू करतं का? ठरलं की शब्दांच्या वतीनं शाल संगणकानं स्वीकारावी.

मग त्या एवढ्याशा कल्पनेचं जे काही झालं! लाउडस्पीकरच्या परवानगीला एका कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, "सत्कारमूर्तीचं नाव?"

"लोल."

"पूर्ण नाव?"

"एवढंच आहे."

"वय?"

"लहानच आहे."

"मग निवृत्त कशाला होताहेत?"

"स्वेच्छानिवृत्ती," मी म्हणालो. त्यानं पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाग्यवान आहेत हो." शिक्का लगेच मिळाला.

पत्रिका छापायची तर मानपान आलं. हैबतरावांचं नाव वर, मग माजी सरपंच, मग आजी सरपंच, मग ज्यांना सरपंच व्हायचंय ते. एवढी नावं झाली की सत्कारमूर्तीला जागा उरली नाही. ते अगदी तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक टायपात बसले. फेटा बांधण्याचा मान गावात दोन घरांकडे. दोन्ही घरं हट्टाला पेटली. शेवटी हैबतरावांनी निवाडा दिला की एका घरानं पडद्याला बांधावा आणि दुसऱ्यानं खालच्या डब्याला. शालीला आमची ही म्हणाली, "चांगली उबदार घ्या. आपल्याकडे शाल फिरून घरीच येते."

समारंभाचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन, मैदान माणसांनी भरलेलं. रांगोळ्या, सनई, आणि स्टेजवर खुर्चीत, दोन फेट्यांत, हार घातलेला तो संगणक. मागे त्याच्या वायरींचं भेंडोळं लोंबत होतं, त्यावर एक चिमणी येऊन बसली होती. पण फ्लेक्सवाल्यानं घोळ केलाच. तेव्हा फ्लेक्स नुकते निघाले होते, त्याला काय कळणार? 'भावपूर्ण निरोप' ही अक्षरं त्यानं चक्क आरशातल्यासारखी उलटी छापली. उन्हात ती उलटी अक्षरं अशी लख्ख दिसत होती की मी किती तरी वेळ मान वळवून वाचत होतो.

गौतमीच्या मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. गोष्ट आता चढणीला लागली होती.

विस्तार अधिकारी येऊन बसले. शेजारी नलिनीबाई, पट्टीसारख्या ताठ. आणि मग माझ्या लक्षात आलं की आम्ही केवढा घोटाळा करून ठेवलाय. अहो, निरोप समारंभात माणसाबद्दल वाईट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही! आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच्याबद्दलही माईकसमोर आलं की गळा भरून येतो. आणि नाव न घेता निरोप देता येत नाही.

विज्ञानाचे सर उठले. संसर्गावर बोलणार म्हणून टिपण आणलं होतं. शाल पांघरलेल्या त्या मुक्या यंत्राकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि टिपण खिशात गेलं. म्हणाले, "बीआरबी आमच्यात आले तेव्हा आम्ही त्यांना ओळखलं नाही. मी त्यांना रोग म्हणालो. पण मित्रहो, जाताना 'येतो' म्हणून जाणारा पाहुणा आता राहिलाय कुठे?" मैदानातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. इंग्रजीचे सर म्हणाले, "ओएमजी हे माझ्या हद्दीतले नाहीत असं मी म्हणालो होतो. आज मी हद्द मागे घेतो." गणिताच्या सरांनी तर लोलच्या साध्या राहणीवर, अवघ्या दोन अक्षरांत संसार करण्यावर असं भाषण केलं की मागच्या झाडावरून एक म्हातारा टाळ्या वाजवता वाजवता खाली आला.

प्रत्येक वाक्याला लोल, प्रत्येक उसाशाला ओएमजी. अधिकारी ऐकत होते. नलिनीबाई माझी नववी डोळ्यांनी माझ्याकडून काढून घेत होत्या.

"बाप रे," स्वानंद म्हणाला. "मग?"

मग विद्यार्थ्यांच्या वतीनं भाषण होतं. नववीतली गावची एक मुलगी बोलणार होती. नाव आता आठवत नाही. मागच्या बाकावर बसायची, हजेरीला "हजर" म्हणायची आणि मग दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत गप्प. तिचं नाव पुकारलं. ती माईकपाशी आली, एवढा जमाव पाहिला, आणि बिचारीची बोबडीच वळली. ओठ हलेनात. स्टेजवर कुजबुज सुरू झाली. तेव्हा, निषाद, मी उठलो. माझ्या हातात कागद नव्हता. नववी तर गेलीच होती, मग भ्यायचं कशाला? मी माईक हातात घेतला आणि म्हणालो,

"ही भाषा आमच्या घरची नाही आणि तुमच्याही घरची नाही. तुमची आई तुम्हाला लोल म्हणत नाही, आमची आय पण म्हणत न्हाई. हितं आपण हाय म्हटलं की कुणी हसतं, आहे म्हटलं की कुणी म्हणतं, आला शाना. पण त्या कॅफेत एका खुर्चीवर तिघी बसतात तेव्हा कोणी कोणाला हसत नाही, कारण ह्या भाषेत सगळ्याच अडाणी. ही भाषा शाळेच्या नळासारखी आहे. कोणाच्या बापाची नाही. तिथं तांब्याही चालतो आणि प्लॅस्टिकची बाटलीही चालते. तिला निरोप द्यायचा तर द्या. पण मग उद्यापासून ह्या पोरींनी एकमेकींशी कशात बोलायचं, ती भाषाही द्या."

"सर, तुम्ही भाषणात 'हितं' म्हणालात?" स्वानंदनं विचारलं.

"भावनेच्या भरात."

मी थांबलो आणि सगळं मैदान थांबलं. खरं सांगतो, अशी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. डावीकडं गावची पोरं, उजवीकडं बाहेरची. ती एकमेकांकडं बघत होती, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. स्वरदा तर उभीच राहिली होती. आणि ऐका, आता अंगावर काटा येईल. त्या शांततेत, कोणी हात लावला नसताना, भैरोबाच्या देवळातली घंटा आपोआप वाजली. ठण्ण! एकच ठोका. त्या ठोक्यासरशी सगळं मैदान भानावर आलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शाल संगणकाच्या खांद्यावरून, म्हणजे जिथे खांदा असता तिथून, घसरून पडली.

हैबतरावांनी ती बघितली आणि माईक ओढून घेतला. "मंडळी, शाल पडली! सत्कारमूर्ती जायला तयार न्हाईत. लोकाग्रहास्तव त्यान्ला मुदतवाढ देन्यात येतीया!"

विस्तार अधिकारी उठले. डोळे पुसले. म्हणाले, "मी पुष्कळ निरोप समारंभ पाहिले, पण सत्कारमूर्ती गप्प बसलेले आज पहिल्यांदा पाहिले. आणि नलिनीबाई, या सरांकडून नववीचं मराठी कधीही काढू नका." नलिनीबाई जागच्या उठल्या, पट्टी खाली ठेवली आणि मला नमस्कार केला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नववीचं मराठी माझ्याकडे होतं. खिचडीच्या खोलीची पायरी मी आयुष्यात चढलो नाही. आजही त्या बाजूनं फोडणीचा वास आला तर...

"सर."

गौतमीनं मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली होती.

"फ्लेक्सवरची अक्षरं उलटी न्हवती. आमी समोर बसलो व्हतो, चांगली सुलटी दिसत व्हती. उन्हात उलटी दिसतात ती मागच्या बाजूनं. अन् स्टेजच्या मागच्या बाजूला एकच खोली हाय."

"अगं, तू नाशिकची ना?" मी म्हणालो.

"मी ओढ्याअलीकडची हाय, सर. मागच्या बाकावरची. पत्रिकेवर लोल छापून आलेलं बघून नलिनीबाईंनी आदल्याच दिशी तुमाला खिचडीवर धाडलं, अन् दहावीपत्तूर आमाला मराठी त्यांनीच शिकवलं. आता माझी बोबडी वळली म्हनून सांगताय? ते भाषन माझं हाय. अन् 'ह्या पोरींनी एकमेकींशी' असं मी म्हनलेच न्हवते. मी म्हनले व्हते, 'उद्यापास्नं मी स्वरदाशी कशात बोलू?'"

निषाद माझ्याकडे बघत होता. स्वानंद माझ्याकडे बघत होता. मी मेथीकडे बघत होतो.

"आन् भैरोबाची घंटा बिंटा काय वाजली न्हाई, सर," गौतमी म्हणाली. "खोटं बोलताय तुमी. टाळी वाजवायला हात मोकळा न्हवता, म्हनून पातेल्यावर पळी हानली व्हती तुमी. समद्यांच्या आदी."